ड्युअल डिप्लॉय : हाय-पॉवर रॉकेट धड परत कसं आणायचं (लेव्हल २, ९८ मिमी)

खटपट_राव

लेव्हल १ (हाय-पॉवर रॉकेट उडवायचं पहिलं प्रमाणपत्र) झालेली बरीच मंडळी आता जे-के मोटरकडे वळताहेत, आणि विपूत (विचारपुशीत) तेच ते प्रश्न येताहेत. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ड्युअल डिप्लॉय म्हणजे पॅराशूट दोन टप्प्यांत उघडणं : शिखरावर छोटं (ड्रोग), जमिनीजवळ मोठं (मेन). दोन्ही वेळा अल्टिमीटर (उंची मोजणारं बोर्ड) ब्लॅक पावडरचा, म्हणजे काळ्या दारूचा छोटा चार्ज पेटवतो आणि त्याच्या वायूने रॉकेटचा सांधा सुटतो. हा धागा अमेरिकेतल्या नार किंवा ट्रायपोली या रॉकेट संघटनांच्या नियमांखाली उडवणाऱ्यांसाठी आहे. मोटरची अक्षरं तिच्या एकूण आवेगावरून : लेव्हल १ मध्ये एच आणि आय, लेव्हल २ मध्ये जे, के, एल (६४० ते ५१२० न्यूटन-सेकंद), त्यापुढे लेव्हल ३. लेव्हल २ ला लेखी परीक्षा आहे. रिकव्हरीसाठी (रॉकेट परत आणण्यासाठी) इलेक्ट्रॉनिक्सची सक्ती लेव्हल ३ पासून, आणि तिथे दोन स्वतंत्र संच लागतात. पण के मोटरवर नुसत्या मोटरच्या इजेक्शनवर (मोटर संपल्यावर तिच्याच चार्जने पॅराशूट ढकलण्यावर) विसंबणं म्हणजे रॉकेट शेजारच्या तालुक्यात शोधायची तयारी ठेवणं.

उदाहरणाला ९८ मिमी व्यासाचं फायबरग्लास रॉकेट घेऊ. उड्डाणाच्या वेळी वजन ७.२ किलो, मोटर जळल्यावर ६ किलोच्या आसपास, मोटर के ५५० (सरासरी जोर ५५० न्यूटन). थ्रस्ट-वजन गुणोत्तर साडेसातच्या वर येतं. नियमाला ३ चालतं, ५ च्या खाली जाऊ नका. रेल (उड्डाणाला दिशा देणारी उभी पट्टी) सोडताना वेग किमान १५ मीटर प्रतिसेकंद हवा. ओपनरॉकेट या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये उंची दीड किलोमीटरच्या आसपास दिसेल.

आधी हे गणित बघा. वारा ५ मीटर प्रतिसेकंद धरा. मोठं पॅराशूट वरच उघडलं तर १५०० मीटर उतरायला ३०० सेकंद लागतात, म्हणजे दीड किलोमीटर वाहत जाणार. शिखरावर फक्त ड्रोग (२० मीटर प्रतिसेकंद) आणि २०० मीटरवर मेन (५ मीटर प्रतिसेकंद) उघडलं तर ६५ अधिक ४० असे १०५ सेकंद, म्हणजे साधारण सव्वापाचशे मीटर. वर वारा जास्त असतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक आणखी वाढतो.

पॅराशूटची मापं : ६ किलोला १८ इंची ड्रोग (सीडी, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा गुणांक, १.५ धरून) २० मीटर प्रतिसेकंद देतं, ७२ इंची मेन ५ मीटर प्रतिसेकंद. नेवाडातल्या ब्लॅक रॉकसारख्या जवळपास १२०० मीटर उंचीवरच्या मैदानात हवा विरळ, तिथे मेनचा वेग ५.३ पर्यंत जातो. टोरॉइडल पॅराशूटचा सीडी २.२ असतो, तेव्हा उत्पादकाचा आकडा घ्या, नुसता व्यास बघू नका.

आता मुद्द्याचं. अल्टिमीटरला उंची कळत नाही, त्याला फक्त हवेचा दाब कळतो. जमिनीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ८ मीटर. म्हणजे रिकव्हरी फसली की पहिला संशय हवेवर घ्यायचा : कुठून आली, कुठे अडकली, कुठून निसटली. बोर्ड जळालं, चिप खराब निघाली, हे फार क्वचित घडतं.

स्टॅटिक पोर्ट, म्हणजे अल्टिमीटरला बाहेरचा दाब कळायची भोकं. अ‍ॅव्ही-बेच्या (अल्टिमीटर बसतो त्या मधल्या कप्प्याच्या) दर १०० घनइंचांना (१६४० घनसेंमी) पाव इंची एक भोक, म्हणजे सुमारे ३२ चौरस मिमी क्षेत्रफळ. आपला बे आतून ९८ मिमी आणि २० सेंमी लांब, म्हणजे १५०० घनसेंमी. २९ चौरस मिमी लागतात. ३ मिमीची चार भोकं, ९० अंशांवर. एक चालेल, तीन चालतील, चार उत्तम. दोन नकोत, कारण रॉकेट वाऱ्यात किंचित तिरकं झालं की समोरासमोरच्या भोकांतून हवा आरपार वाहते. भोकं नोज कोनच्या सांध्यापासून किमान चार व्यास खाली ठेवा आणि त्यांच्या वरच्या बाजूला स्क्रूचं डोकं, रेल बटण, स्टिकरची कड असलं काही नको. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

व्हेंट होल. हे लोक विसरतात. बूस्टर (मोटरची खालची नळी) आणि पेलोड नळी (मेनची वरची नळी), दोन्हीला ३ मिमीचं एकेक भोक पाडा. जमिनीवरची हवा आत कोंडून रॉकेट १५०० मीटरवर गेलं तर आत-बाहेर जवळपास १७० हेक्टोपास्कलचा फरक पडतो. ९८ मिमीच्या बल्कहेडवर (नळी बंद करणाऱ्या चकतीवर) तो १३ किलोचा जोर झाला. ३००० मीटरवर २४ किलो. सांधा नुसत्या घर्षणावर असेल तर चार्ज उडायच्या आतच सुटतो, आणि दोष बिचाऱ्या अल्टिमीटरच्या माथी जातो.

चार्जचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला हाक आलीय.

---

अवकाशवेडी

वाचनखूण साठवली. चार्जचं येईपर्यंत एक विचारते : माक १ च्या वर जाणाऱ्या उड्डाणात पोर्टवर दाब उड्या मारतो म्हणतात, त्याचं काय?

---

बॅरोमीटर

ध्वनीच्या वेगाजवळ पोर्टवरून शॉक सरकतो आणि क्षणभर दाब एकदम वाढल्यासारखा दिसतो. दाब वाढला म्हणजे उंची घटली, म्हणजे शिखर झालं, अशी साध्या अल्टिमीटरची समजूत होते आणि पूर्ण वेगात ड्रोग चार्ज उडतो. फायबरग्लासची नळीसुद्धा त्यात दोरीने उभी चिरते. हल्लीच्या बहुतेक अल्टिमीटरमध्ये (स्ट्रॅटोलॉगर, आरआरसी३, ईझीमिनी) यावर फिल्टर किंवा माक लॉकआउट (तेवढा वेळ चार्ज रोखून धरायची सोय) आहे, काहींत तो सेकंदांत द्यावा लागतो. द्यायचा असेल तर सिम्युलेशनमध्ये वेग ०.८ माकच्या खाली परत कधी येतो ते बघा आणि एक-दोन सेकंद वर टाका. पण तो शिखराच्या वेळेपर्यंत पोचणार नाही याची खात्री करा.

या धाग्यातलं रॉकेट माक ०.६ सुद्धा गाठणार नाही, तेव्हा इथे ती चिंता नको.

---

खटपट_राव

चार्ज. ४एफ (बारीक दाण्याची) ब्लॅक पावडर. एका वातावरणाच्या आसपास (१५ पीएसआय) दाब हवा असेल तर :

ग्रॅम = ०.०००३७ × व्यास × व्यास × मोकळी लांबी (सगळं सेंमीमध्ये)

मेनच्या बाजूला मोकळी लांबी ४५ सेंमी : ९.८ × ९.८ × ४५ × ०.०००३७ = १.६ ग्रॅम. ड्रोगच्या बाजूला ३० सेंमी : १.१ ग्रॅम. दुसऱ्या अल्टिमीटरचे बॅकअप चार्ज पंचवीस टक्के जास्त, म्हणजे २ आणि १.४ ग्रॅम. दोन्ही चार्ज एकाच क्षणी उडू द्यायचे नाहीत. ड्रोग : पहिला शिखरावर, दुसरा एक-दोन सेकंदांनी. मेन : पहिला ७०० फुटांवर, दुसरा ५०० वर (अल्टिमीटर फुटांत बोलतात, मीटर विसरा).

शिअर पिन, म्हणजे चार्ज उडेपर्यंत सांधा धरून ठेवणारे आणि मग तुटणारे स्क्रू. ७५ चौरस सेंमीच्या बल्कहेडवर एका वातावरणाचा जोर जवळपास ८० किलो. २-५६ नायलॉन स्क्रू एकेक ११ ते १४ किलोला तुटतो. नोज कोनला तीन लावा, चाळीसेक किलो झाले. दुपटीचं माप उरतं. कागदी नळी असेल तर स्क्रू तुटण्याऐवजी भोक लांबोळं होत जातं. भोकाच्या काठाला पातळ सुपरग्लू पाजून कडक करा किंवा आतून पितळी पट्टी लावा. पिन प्रत्येक उड्डाणाला नव्या, अर्धवट चेपलेल्या परत वापरू नका.

भरणं. बल्कहेडवर पीव्हीसीची टोपी. ई-मॅचचं (विजेने पेटणाऱ्या काडीचं) डोकं तळाशी, त्यावर पावडर, वरून सेल्युलोजचा बोळा घट्ट दाबून आणि वर टेपचे दोन आडवे थर. ब्लॅक पावडरला कोंडमारा लागतो. कुकरची रिंग नीट बसली नाही की शिट्टी होत नाही, तसंच. सैल भरलेली पावडर अर्धी जळते, अर्धी न जळता पॅराशूटवर उडते. पायरोडेक्ससारख्या पर्यायी पावडरला तर आणखी घट्ट कोंडावं लागतं, तिच्या वाटेला जाऊच नका. साधारण ६ किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ की उघड्या टोपीतली ब्लॅक पावडरही नीट पेटत नाही. तिथे सीलबंद नळी किंवा सीओटू कार्ट्रिज.

बल्कहेडमधून तारा जातात ती भोकं पुट्टीने बुजवा. दोन्ही बाजूंनी. ड्रोग चार्जचा वायू त्या फटीतून बेमध्ये शिरला की दाब उसळतो, अल्टिमीटरला वाटतं आपण एकदम ५०० फुटांवर आलो, आणि मेन शिखरावरच उघडतं.

---

नेवाडाकर

मेन वरच उघडण्याची दुसरी वाट जास्त वापरातली आहे. ड्रोग चार्जने बूस्टर आणि पुढचा भाग दोन दिशांना सुटतात, दोरी ताणली की दोन्हीला झटका बसतो. बेला झटका लागून तो थांबतो, नोज कोन मात्र पुढे जातच राहतो. दोन पिनांत भागत असेल तर तो तिथेच सुटतो आणि मेन बाहेर. जड टोकाचा नोज कोन असेल, त्यात ट्रॅकर आणि वजन भरलेलं असेल, तर चार पिना लावा आणि चार्ज त्या हिशेबाने वाढवा.

झटका कमी करायला दोरी लांब हवी : रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाचपट. अडीच मीटरच्या रॉकेटला ८ ते १२ मीटर. दोरी वीतभर घड्यांत दुमडून प्रत्येक गठ्ठ्याला मास्किंग टेपचा एक वेढा द्या. टेप फाटत जाते आणि ऊर्जा खाते. खाली उतरल्यावर सगळ्या टेपा फाटलेल्या असतील तर चार्ज जास्त होता, एकही फाटली नसेल तर कमी.

केवलार ताणत नाही पण आगीला टिकतं, नायलॉन ताणतं पण जळतं. म्हणून मोटरच्या बाजूला केवलार, आणि ज्याला झटका सोसायचाय तिथे ट्यूब्युलर नायलॉन. आय-बोल्ट घडीव किंवा वेल्ड केलेलाच. वाकवून केलेला उघडतो. पॅराशूटला नोमेक्सचं (आगीला टिकणारं) फडकं चार्जच्या बाजूने गुंडाळा, नुसतं वर ठेवू नका.

---

पडेल_तिकडे

वायरिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून :

१. प्रत्येक अल्टिमीटरला स्वतःची बॅटरी, स्वतःचा स्विच, स्वतःच्या ई-मॅच. दोन अल्टिमीटर आणि एक बॅटरी याला बॅकअप म्हणत नाहीत.

२. ९ व्होल्टची बॅटरी घेणार असाल तर आतल्या सेलच्या जोडण्या वेल्ड केलेल्या असतील अशी. काहींत त्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात आणि झटक्याला क्षणभर सुटतात. बॅटरीचा क्लिप वर असेल तर त्यावरून झिप-टाय. उड्डाणाला नवी बॅटरी.

३. लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) वापरण्याआधी मॅन्युअल वाचा. काही बोर्डांचे स्विचिंग ट्रान्झिस्टर लिपोचा शॉर्ट झालेला प्रवाह झेलत नाहीत. ई-मॅच पेटल्यावर तिची टोकं कधी कधी चिकटून शॉर्ट होतात, तेव्हा हा प्रसंग येतो.

४. स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या तारेच्या टोकाला शिसं (सोल्डर) लावू नका. शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि आवळलेला स्क्रू सैल पडतो. उघडी, पीळ दिलेली मल्टिस्ट्रँड तार घाला, आवळा आणि ओढून बघा. प्रत्येक तार, प्रत्येक वेळी.

५. स्विच म्हणून घरगुती खटका नको. स्क्रू स्विच किंवा मॅग्नेटिक. खटक्याची दिशा प्रवेगाच्या दिशेत आली तर तो पडतो.

६. दाब सेन्सरवर थेट ऊन पडू देऊ नका. सेन्सर उजेडाला प्रतिसाद देतो. स्टॅटिक पोर्टमधून आलेली उन्हाची तिरीप फिरत्या रॉकेटमध्ये रीडिंगवर दाते पाडते. सेन्सर भोकाच्या समोर येणार नाही असा स्लेड (बोर्ड बसवलेली पाटी) फिरवा.

---

अवकाशवेडी

ग्राउंड टेस्टची पद्धत कुणी सांगेल का? क्लबात जो तो वेगळी सांगतो.

---

नेवाडाकर

पॅराशूट, दोरी, नोमेक्स, पिना, सगळं उड्डाणासारखंच भरायचं. अल्टिमीटर आणि बॅटऱ्या काढून घ्यायच्या. ई-मॅचच्या तारा स्विचच्या भोकातून बाहेर काढून लांब केबलला जोडायच्या, दुसऱ्या टोकाला लाँच कंट्रोलर. रॉकेट आडवं, स्टँडवर. दोन्ही टोकांच्या रेषेत कुणी नाही, बघे बाजूला, डोळ्यांवर चष्मा. एका वेळी एकच चार्ज.

नोज कोन जोरात सुटून पॅराशूट पूर्ण बाहेर आलं पाहिजे. नळीच्या तोंडाशी डोकावत राहिलं तर नापास. हवेत वाऱ्याने ओढून निघेल ही आशा धरू नका. पाव ग्रॅम वाढवा आणि पुन्हा. उलट दोरी तुटेस्तोवर ताणून नोज कोन परत उडी मारत असेल तर कमी करा. चार्ज उडलाच नाही तर आधी केबल कंट्रोलरपासून सोडवा, मिनिटभर थांबा, मग जवळ जा.

मुख्य चार्जवरच टेस्ट करायची. बॅकअपवर पास होऊन मुख्य अपुरा निघाला तर काय मिळवलं?

---

बॅरोमीटर

पॅडवरचा क्रम :

रॉकेट रेलवर चढवा, रेल उभी करा. तोवर इलेक्ट्रॉनिक्स बंद. मग पहिला अल्टिमीटर चालू, बीप ऐका. स्ट्रॅटोलॉगरमध्ये तीन बीप म्हणजे दोन्ही ई-मॅच जोडलेल्या, एक म्हणजे फक्त ड्रोग, दोन म्हणजे फक्त मेन. मग दुसरा चालू करा. दोघे एकदम बीप करू लागले की कान फसतात, म्हणून पहिल्याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. मोटर पेटवणारा इग्नायटर सगळ्यात शेवटी. उड्डाण रद्द झालं तर उलट : आधी इग्नायटर बाहेर, मग अल्टिमीटर बंद.

वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर उडवायचं नाही, रेल उभ्यापासून २० अंशांपेक्षा जास्त झुकवायची नाही. के मोटर असेल तर माणसांनी पॅडपासून किमान ६१ मीटर लांब उभं राहायचं. एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची) परवानगी क्लबाने घेतलेली असते. त्यातली उंचीची मर्यादा विचारून घ्या, सिम्युलेशन त्याच्या आत बसलं पाहिजे.

---

खटपट_राव

ट्रॅकरचं राहिलं. ४३४ मेगाहर्ट्झवर चालणारे (टेलिमेट्रमसारखे) अमेरिकेत हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सशिवाय वापरता येत नाहीत, त्यातलं सुरुवातीचं टेक्निशियन पुरतं. ९०० मेगाहर्ट्झचे लोरा ट्रॅकर लायसन्सशिवाय. कार्बन फायबरच्या नळीत कुठलाच चालत नाही, रेडिओ बाहेर येत नाही. फायबरग्लासचा नोज कोन घ्या, आणि अँटेना आतल्या थ्रेडेड रॉडला समांतर चिकटवून ठेवू नका.

प्रवेगात जीपीएसचा लॉक सुटतो, घाबरू नका. ड्रोगवर उतरताना परत येतो. उपयोगाचा असतो तो शेवटचा पॅकेट. रॉकेट क्षितिजाखाली गेलं की सिग्नल तुटतो, आणि त्या क्षणी ते जमिनीपासून काही मीटर वर असतं. तो अक्षांश-रेखांश ऑफलाइन नकाशात टाका आणि चालू लागा. जवळ गेल्यावर सिग्नल परत मिळतो. कॅन्ससमधल्या पिकात पडलं असेल तर दहा फुटांवरूनही दिसत नाही, म्हणून बेमध्ये नव्वद-शंभर डेसिबलचा बझर जरूर टाका.

सापडलं की आधी फोटो, मग हात. न उडालेला बॅकअप चार्ज असू शकतो : टोप्यांच्या तोंडासमोर चेहरा न आणता स्विच बंद करा, टोप्या बघा, टेप शाबूत असेल तर ई-मॅचच्या तारा काढून टोकं एकमेकांना पिळा. विजेच्या तारांवर अडकलं असेल तर वीज कंपनीला फोन. काठीबिठी नाही.

---

पुणेरी_पतंग

उत्तम धागा. पुण्यात इंजिनिअरिंगची पोरं अमेरिकेतल्या आयआरईसी या विद्यार्थी रॉकेट स्पर्धेसाठी रॉकेट बांधतात, त्यांना इथे यातलं काय करून बघता येईल? ब्लॅक पावडर मिळवायचा खटाटोप करायचा का?

---

बॅरोमीटर

नाही. भारतात ती १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८ च्या नियमांखाली येते. परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. विमानातूनही नेता येत नाही. चार्ज आणि मोटर तिथे गेल्यावर, तिथल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीत. ग्राउंड टेस्टसाठी वेळापत्रकात एक अख्खा दिवस धरा, बहुतेक संघ तोच कापतात. आयआरईसीला दोन स्वतंत्र संच लागतात आणि त्यातला किमान एक बाजारातला तयार फ्लाइट कॉम्प्युटर हवा, स्वतः बनवलेले दोन चालत नाहीत.

पण अल्टिमीटरची निम्मी परीक्षा इथे टेबलावर होते. रुंद तोंडाची काचेची बरणी, झाकणाला नळी, हाताचा व्हॅक्यूम पंप. अल्टिमीटर, बॅटरी आत. ई-मॅचच्या जागी छोटे बल्ब. एलईडी लावाल तर रेझिस्टरसह आणि दिशा बघून, शिवाय काही बोर्डांना एलईडीतून कंटिन्युइटी (जोडणी पूर्ण आहे हे) कळत नाही, म्हणून बल्ब बरे. बीप तीन येतात का बघा, मग पंप जोरात मारा. बरेच अल्टिमीटर ५० मीटर उंचीइतका दाब उतरेपर्यंत उड्डाण झालंच असं मानत नाहीत, त्यामुळे हळूहळू पंप केलंत तर काहीच घडणार नाही आणि बोर्ड मेलं असं वाटेल. दाब स्थिरावून परत चढू लागला की ड्रोगचा बल्ब पेटला पाहिजे. मग झडप अगदी हळू उघडा. ठरवलेल्या उंचीवर मेनचा बल्ब पेटेल. एकदम उघडली तर दोन्ही जवळजवळ एकत्र पेटतात.

नंतर डेटा उतरवून आलेख बघा. स्विच, तारा, बॅटरी उड्डाणातलेच वापरा, टेबलावरची वेगळी जुळणी नको. आणि बरणीबाहेर काढल्यावर तोच स्लेड हातात धरून टेबलावर आपटल्यासारखा झटके द्या. बीप मध्येच पहिल्यापासून सुरू झाले तर बॅटरीची जोडणी सुटतेय.

---

अवकाशवेडी

ते शेवटचं आत्ताच करून पाहिलं, बीप पहिल्यापासून सुरू झाले. क्लिप सैल निघाला. झिप-टाय आणायला चालले.